सक्तीचें श्रवण

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्याच्या तापांचे आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक असे तीन वर्ग पाडले आहेत. ज्वर, चोर, विंचू, अवर्षण या सर्वांस त्यांत कोठें ना कोठें जागा आहे. परंतु पोटभर जेवून, पंख्याखालीं, गादीच्या खुर्चीवर बसलेल्या निरोगी गृहस्थास दुपारीं अडीचच्या व्याख्यानांत जो ताप होतो, तो या तिहींपैकीं कोणता, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. त्यास कोणी छळीत नाहीं; उलट समोर उभे असलेले विद्वान त्याच्या हितासाठींच बोलत असतात. तरीसुद्धां दर तीन मिनिटांनीं घड्याळाकडे पाहतांना त्याची जी अवस्था होते, ती पाहून दगडालाहि पाझर फुटावा.

या अवस्थेस आपण कंटाळा असें साधें नांव देतों, आणि नांव साधें असल्यामुळें गोष्टहि साधीच समजतों. कंटाळल्याची तक्रार मुलांनीं करावी किंवा श्रीमंतांनीं. चार माणसांचा संसार चालविणाऱ्या प्रौढानें ती करूं नये, अशी आपली समजूत आहे, आणि ती पुष्कळ अंशीं बरोबरहि आहे. मी येथें ती तक्रार करण्यास बसलों नाहीं. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. ज्यास उठून जाण्याची मोकळीक नाहीं अशा मनुष्यानें ऐकत असल्याचें सोंग केलें, तर तें खोटेपण कोणाचें? सोंग करणाऱ्याचें, तें करावयास लावणाऱ्याचें, कीं ओळखूनहि चालवून घेणाऱ्याचें? १२ वर्षांपूर्वीं सलग तीन आठवडे मीं हें सोंग केलें. तेव्हांपासून हा प्रश्न माझ्या मागें लागला आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांस रिफ्रेशर कोर्स म्हणजे काय तें सांगावयास नको. इतर वाचकांसाठीं दोन शब्द सांगतों. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत अध्यापकांच्या प्रशिक्षणावर भर देण्यांत आला. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें पुढच्याच वर्षापासून निरनिराळ्या विद्यापीठांत अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेज या नांवाच्या संस्था उभ्या करण्याची योजना हातीं घेतली. २०१५ मध्यें त्यांचें नांव मनुष्यबळ विकास केंद्र झालें, आणि २०२३ पासून पंडित मदनमोहन मालवीयांच्या नांवाची जोड त्यांस मिळाली. नव्या अध्यापकानें प्रथम उद्बोधनवर्ग करावा, पुढें ठराविक टप्प्यांवर उजळणीवर्ग करावे, आणि तीं प्रमाणपत्रें जोडल्यावर वरची वेतनश्रेणी मिळावी, अशी एकंदर व्यवस्था. मी गेलों त्या काळीं उजळणीवर्ग तीन आठवड्यांचा असे. आतां तो दोन आठवड्यांचा आहे. मूळ कल्पना उत्तम होती व आहे, असें मी मनापासून म्हणतों. पंचवीस वर्षें पिवळ्या पडलेल्या त्याच टिपणांवरून शिकविणाऱ्या माणसास एकदां उठवून दुसऱ्या गांवीं नेऊन बसवावें, त्यास नव्या विचारांची हवा लागूं द्यावी, यांत गैर काय? आयोगाचा हेतु आणि माझी दुपार यांच्या दरम्यान जें कांहीं घडलें, त्याचा दोष मी हेतूवर ढकलीत नाहीं.

त्या वर्षीं माझ्या सोयीचा वर्ग मे महिन्यांत, अकोल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या गांवीं भरणार होता. अकोल्याचा मे महिना ज्यांनीं काढला आहे त्यांस वाटेल कीं, अशा दिवसांत बाहेर पडावयास मिळणें हें भाग्यच. पारा पंचेचाळिसाच्या घरांत, मोर्णेचें पाणी आटलेलें, टिळक रोडवर दुपारीं चिटपांखरूं नाहीं, आणि घरोघर कूलरच्या वाळ्यावर बादल्या ओतण्याचें काम चाललेलें. मात्र त्याच सुमारास माझ्या आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. ती लांबवूं नये असें डॉक्टरांचें म्हणणें, आणि वर्ग पुढें ढकलणें माझ्या हातीं नव्हतें. तो चुकला असता तर श्रेणीचें प्रकरण आणखी एक वर्ष अडलें असतें. "तू जाय बापू, मी काय कुठी पयून चालली?" असें म्हणून आईनेंच माझी अडचण सोडविली, व मी रात्रीच्या गाडीनें निघालों.

पहिल्याच सकाळीं सूचना मिळाली: हजेरीपटावर दिवसांतून चार सह्या, रजा नाहीं, एक दिवस चुकला तर प्रमाणपत्र नाहीं. शस्त्रक्रियेच्या दिवसापुरती विनंती मीं करून पाहिली. नियम सर्वांस सारखा आहे असें उत्तर नम्रपणें मिळालें. तें खरेंहि होतें. म्हणून ज्या सकाळीं अकोल्यास आईला शस्त्रक्रियेच्या खोलींत नेलें, त्या सकाळीं मी 'ताणतणावांचें व्यवस्थापन' या विषयावरील व्याख्यानास बसलों होतों. हें मीं रचून सांगितलें असें वाचकांनीं समजूं नये. वेळापत्रकच तसें होतें. व्याख्याते पडद्यावर उमटलेलीं वाक्यें वाचून दाखवीत होते. तीं वाक्यें आम्हांस छापील कागदावर अगोदरच मिळालेलीं होतीं. आणि तींच आम्ही पुन्हां वहींत उतरून घेत होतों. एकच मजकूर तीन ठिकाणीं असूनहि चौथ्या ठिकाणीं, म्हणजे डोक्यांत, कांहीं केल्या शिरत नव्हता.

आम्ही चाळीस जण होतों. कोणी भौतिकशास्त्राचे, कोणी मराठीचे, कोणी वाणिज्याचे. दोन दिवसांत प्रत्येकानें आपापली युक्ति शोधून काढली. खानदेशांतील एक गृहस्थ उघड्या वहीखालीं आपल्या पुस्तकाचीं मुद्रितें तपाशीत. माझे खोलींतील सोबती कोंकणांतले, गणिताचे. त्यांनीं छताचे चौकोन मोजले, ते २२१ निघाले, आणि तेरा व सतरा यांचा गुणाकार २२१ होतो एवढाच आजचा लाभ, असें त्यांनीं रात्रीं मला गंभीरपणें सांगितलें. मीं स्वतः मान हालविण्याची कला साधली. वाक्य संपत आलें कीं व्याख्यात्याचा आवाज किंचित् उतरतो. तो उतरला कीं मान दोन वेळां खालीं न्यावयाची, तिसऱ्या वेळीं भुंवया जराशा आकसून घ्यावयाच्या, आणि मधूनमधून कांहींतरी लिहावयाचें. पहिल्या आठवड्यांत मीं काय लिहिलें तें पुढें पाहिलें, तर त्यांत वाणसामानाच्या दोन याद्या व आईच्या औषधांच्या वेळा होत्या. चेहरा तेथें आणि मन अकोल्यास, ही विभागणी मला इतकी साधली कीं दहाव्या दिवशीं एका व्याख्यात्यांनीं "हे सर पाहा, किती लक्ष देऊन ऐकतात!" असें माझ्याकडे बोट दाखवून सर्वांस सांगितलें. मला संकोच वाटला नाहीं. तो वाटला नाहीं हेंच पुढें खुपूं लागलें.

या दुखण्याचा सूक्ष्म अभ्यास करणारे लोक पूर्वीं होऊन गेले आहेत. इजिप्तच्या वाळवंटांत राहणारा इव्हाग्रिअस नांवाचा ख्रिस्ती साधु (मृत्यु इ. स. ३९९) यानें साधकास छळणाऱ्या आठ वृत्तींत हिला जागा दिली. ग्रीक भाषेंत तिचें नांव आकेडिया. मध्यान्हीं पछाडणारें भूत तें हेंच, असें तो म्हणे. त्याच्या वर्णनांतील साधूस सूर्य जागचा हालत नाहींसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा भासतो, आणि भोजनाची घटका किती दूर आहे हें पाहण्यास तो पुन्हां पुन्हां कोठडीबाहेर डोकावतो. सोळाशें वर्षांपूर्वींच्या त्या कोठडींत व आमच्या सभागृहांत भिंतीवरचें घड्याळ सोडलें तर फारसा फरक नव्हता. आपल्याकडे पतंजलीनें योगाचे नऊ अंतराय सांगितले, त्यांत आलस्य निराळें व स्त्यान निराळें. हा भेद मला फार मार्मिक वाटतो. आळशास काम नको असतें; स्त्यानांत मनुष्याची काम करण्याची इच्छा असते, पण चित्तच जड होऊन बसतें. आम्ही चाळीस जण आळशी नव्हतों. परंतु इव्हाग्रिअस काय किंवा पतंजलि काय, दोघेहि आपण होऊन आसनावर बसलेल्या माणसाविषयीं बोलत आहेत. त्याला उठावयाचें असेल तर कोण अडवितो? ज्यास आणून बसविलें आहे, त्याच्या कंटाळ्यांत दुसऱ्या कोणाचा तरी हात असतो, आणि त्याविषयीं या थोर पुरुषांच्या उपदेशांत मला कांहीं सांपडलें नाहीं.

कंटाळवाण्या कामाची मला भीति नाहीं. वऱ्हाडांत वाढलेल्या माणसानें कापूस वेचणाऱ्या बाया पाहिलेल्या असतात. सकाळपासून वाकून, बोंडामागून बोंड, तेंच तें. तें काम त्यांना गोड लागतें असें मी म्हणणार नाहीं. तसें म्हणणारे बहुधा स्वतः कधीं वेचावयास गेलेले नसतात. पण संध्याकाळीं वजन होतें, आणि दिवस कोठें गेला तें डोळ्यांना दिसतें. १९३७ मध्यें वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली, तिच्यांतून डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीची योजना निघाली. तींत शाळेच्या साडेपांच तासांपैकीं ३ तास २० मिनिटें हस्तोद्योगास दिलीं होतीं. इतका वेळ टकळी फिरविणें मुलांस कंटाळवाणें झाल्यावांचून राहिलें नसेल. तथापि टकळीशीं सोंग करतां येत नाहीं. सूत निघतें किंवा तुटतें. ऐकण्याचें सूत मात्र कोणास दिसत नाहीं. म्हणून तेथें फसवणुकीस वाव आहे, आणि फसवून घेण्यासहि आहे.

लक्ष ही देण्याची वस्तु आहे, वसूल करण्याची नव्हे, असें माझें मत त्या तीन आठवड्यांत बनलें. हजेरीपट शरीर आणून बसवूं शकतो. त्यापलीकडे त्याचा अंमल चालत नाहीं. दानाचा कर केला कीं लोक खोटें नाणें भरूं लागतात. आमच्या अमरावती जिल्ह्यांत जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या (१८७६-१९५६) कीर्तनास माणसांची दाटी होई, आणि त्यांतील कोणासहि वाटेल तेव्हां उठून घरीं जातां येत असे. महाराज हातीं खराटा घेऊन आधीं गांव झाडीत, मग कीर्तनास उभे राहत, आणि प्रश्न विचारून उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. निरक्षर म्हणविणाऱ्या या पुरुषाजवळ ही विद्या कोठून आली याचें आपण आश्चर्य करतों. उठून जाण्यास मोकळ्या असलेल्या श्रोत्यांनींच ती त्यांना शिकविली, असें कां म्हणूं नये? आम्हां पदवीधरांस ती येत नाहीं, कारण आमचे श्रोते बाहेरून कडी लावून आमच्या स्वाधीन केलेले असतात.

यावर एक आक्षेप येतो, व तो मीं स्वतःच स्वतःवर घेतला. फ्रेंच लेखिका सिमोन वेय हिनें १९४२ मध्यें लिहिलेल्या एका निबंधांत असें प्रतिपादिलें आहे कीं, भूमितीचें उदाहरण न सुटलें तरी त्यावर खर्च केलेलें लक्ष वाया जात नाहीं. त्यानें लक्ष देण्याची शक्तिच वाढते. ही बाई १९३४-३५ मध्यें कारखान्यांत यंत्रावर मजुरी करून आलेली होती. कंटाळा म्हणजे काय हें तिनें आरामखुर्चींत बसून ठरविलेलें नव्हतें. तेव्हां तिचें खरें मानून अकराव्या दिवशीं मीं निश्चय केला कीं, या तासाला सोंग नाहीं, प्रत्येक वाक्य ऐकावयाचें. व्याख्याते साठी ओलांडलेले, विषय कार्यालयीन नियमांचा. दीड तास मीं खरोखर ऐकलें. सेवापुस्तकांतील एका चुकीच्या नोंदीमुळें निवृत्तिवेतन अडून राहिलेल्या एका शिपायाची हकीकत सांगतांना त्यांचा आवाज बदलला, आणि तेवढा वेळ सारें सभागृह जागें झालें. मुद्रितें तपासणाऱ्या गृहस्थांनीं देखील मान वर केली. मग ते पुन्हां पडद्याकडे वळले. दीड तासानंतर मी इतका थकलों कीं पुढच्या व्याख्यानास मान हालविण्याचेंहि त्राण उरलें नाहीं. वेयबाईंचें म्हणणें खोटें नाहीं. पण श्रोत्याच्या तपश्चर्येवर वक्त्याच्या आळसाचा संसार चालावा, हें मला न्याय्य वाटत नाहीं.

चहाच्या वेळीं ते गृहस्थ कप घेऊन माझ्याजवळ आले. "तुम्ही आज ऐकत होतां," ते म्हणाले, "तें कळतं हो. खरं सांगा, कसं झालं?"

असा प्रश्न तीन आठवड्यांत दुसऱ्या कोणींहि विचारला नाहीं. 'त्या शिपायाची गोष्ट तेवढी सांगा आणि पडदा बंद ठेवा', हें वाक्य माझ्या ओठांवर आलें होतें. मी म्हणालों, "फार छान झालं, सर." त्यांचा चेहरा उजळला.

ही गोष्ट क्षुल्लक आहे असें मीं स्वतःस पुष्कळ समजावून पाहिलें. परोपकाराच्या बुद्धीनेंहि खोटें बोलण्याचा अधिकार मनुष्यास नाहीं, असें सांगणारा कांटचा १७९७ मधील निबंध मी दरवर्षीं विद्यार्थ्यांस समजावून देतों. आणि कांट जरा अतिरेकी होता, असेंहि दरवर्षीं हंसत सांगतों. अप्रिय सत्य बोलूं नये असें मनुस्मृतींत आहे, हें आम्हां सर्वांस पाठ असतें. त्याच श्लोकांत प्रिय असलें तरी असत्य बोलूं नये असें बजावलें आहे, तें मात्र सोयीस्करपणें विसरतें. मी जें बोललों तें दयेनें बोललों, हें खरें. पण त्या दयेची किंमत मीं भरली नाहीं. ती माझ्यानंतर आलेल्या चाळीस जणांनीं भरली असेल. तेंच व्याख्यान, तोच पडदा, तीच दुपार त्यांच्या वांट्यास गेली असेल, आणि त्यांतहि कोणी एक मान हालविणारा निघालाच असेल.

शेवटच्या दिवशीं अभिप्रायाचे छापील कागद आले. प्रमाणपत्रें टेबलावर रचून ठेवलेलीं होतीं, व कागद भरून दिल्यावर तीं मिळावयाचीं होतीं. उत्कृष्ट, चांगलें, बरें, असमाधानकारक अशीं चार घरें. चाळीस जणांनीं बाराहि प्रश्नांस 'उत्कृष्ट'च्या घरांत खूण केली. माझ्या गणिती सोबत्यांनीं गुणाकार करून ती संख्या ४८० असल्याचें मला हळूच सांगितलें. त्यांतल्या बारा खुणा माझ्या.

परतीच्या गाडींत भुसावळ सुटल्यावर उजाडलें. मलकापूर गेलें, नांदुरा गेलें. शेगांवला दर्शनास जाणारी मंडळी बोचकीं आवरूं लागली. समोरच्या बाकावर एक तरुण मुलगा आपल्या वडिलांचें बोलणें ऐकत होता. वडील नोकरीविषयीं कांहीं समजावीत होते, आणि मुलगा मान हालवीत होता; दोन वेळां खालीं, तिसऱ्या वेळीं भुंवया आकसून. ती माझीच मान होती. आणि मग एकाएकीं ध्यानांत आलें कीं ही मान मीं आज प्रथम पाहत नाहीं. सकाळच्या साडेआठच्या तासाला, दुसऱ्या नि तिसऱ्या बाकावर, ती मीं पंधरा वर्षें पाहिलेली आहे, आणि तिला आवड समजत आलों आहें. निरोपसमारंभांत मुलें उठून "सरांचे तास संपूं नयेत असं वाटायचं" म्हणत, तेव्हां मी संकोचानें खालीं पाहत असें, पण विश्वास ठेवीत असें. त्याच मुलांसाठीं वर्षाच्या आरंभीं '७५ टक्के हजेरी नसल्यास परीक्षेस बसतां येणार नाहीं' हें वाक्य मींच फळ्यावर लिहिलेलें असे. आपण फसलों याचें मला तितकें वाईट वाटलें नाहीं. मला हें ठाऊक नव्हतें असें म्हणणेंहि खरें नव्हे; मला तें ठाऊक करून घ्यावयाचें नव्हतें.

घरीं आई खाटेवर बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. अंगणांतल्या लिंबाचें पान न् पान दिसतें, असें तिनें दोनदां सांगितलें. मग विचारलें, "काय शिकवलं बापू त्याइनं तुले?"

मी जरा थांबून म्हणालों, "ऐकाले."

"अन् तेवढ्यासाठी तीन हप्ते?"

त्यास १२ वर्षें झालीं. प्रमाणपत्र सेवापुस्तकास जोडलें गेलें, यथाकाल श्रेणीहि मिळाली. टिपणें मीं बदललीं. तासांत मधेंच थांबून प्रश्न विचारतों व उत्तर येईपर्यंत बोलत नाहीं. ती शांतता कधीं कधीं फार लांबते. मान हालविणारा मुलगा आतां मला लगेच ओळखूं येतो, व त्याच्याकडे पाहून बोलण्याचा मोह मी टाळतों. पूर्वीं हजेरी मी तासाच्या शेवटीं घेत असें, ती आतां आरंभीं घेतों. दर वर्षीं पहिल्या तासाला जातांना मनाशीं ठरवितों कीं, हजेरी संपल्यावर आज एक वाक्य म्हणावयाचें: ज्यास जावयाचें असेल त्यानें खुशाल जावें, हजेरी लागलेली आहे. दार उघडेंच असतें. माझें टेबल त्याच्या अगदीं जवळ आहे. तें वाक्य मीं अजून उच्चारलेलें नाहीं.